ओलेग मार्कोव्ह की जॉन नोबल? कॉलिंगवूडच्या बचावफळीतली शेवटची जागा

मॅगपाय_मिलिंद

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या (एएफएल) कॉलिंगवूडच्या २०२३ च्या विजेतेपदाचा विषय निघाला की हा वाद कुठल्याही धाग्यात मध्येच घुसतो आणि मूळ चर्चा बाजूला राहते. म्हणून इथे स्वतंत्र मांडतो. नोबलला बाहेर बसवून मार्कोव्हला खेळवणं बरोबर होतं का? आणि मार्कोव्हसारखा संघात आत-बाहेर करणारा खेळाडू बचावात किती उपयोगाचा, हे ओळखायचं कशावरून?

नवीन लोकांसाठी पार्श्वभूमी. ओलेग मार्कोव्हचा जन्म बेलारूसचा. वडील दिमित्री मार्कोव्ह ऑस्ट्रेलियाकडून बांबूउडीत उतरले आणि २००१ च्या एडमंटन जागतिक स्पर्धेत ६.०५ मीटर उडी मारून सुवर्ण जिंकले. ओलेगला रिचमंडने २०१५ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) ५० व्या क्रमांकावर घेतलं. रिचमंडने २०१७, २०१९ आणि २०२० अशा तीन ग्रँड फायनल (अंतिम सामने) जिंकल्या, त्यातल्या एकाही संघात तो नव्हता. मग गोल्ड कोस्टकडे दोन हंगाम, आणि २०२२ संपताच यादीतून नाव कमी. २०२३ चा हंगाम तोंडावर आला असताना कॉलिंगवूडने त्याला पूरक निवडीतून घेतलं. सप्टेंबरच्या ३० तारखेला एमसीजीवर त्याच्या गळ्यात विजेतेपदाचं पदक होतं.

नोबल हाफबॅकवरून, म्हणजे बचावफळीच्या पुढच्या ओळीतून, धावत चेंडू बाहेर काढणारा. घरच्या-बाहेरच्या सामन्यांच्या फेरीत तो संघात पक्का होता, फायनल्सना (हंगामअखेरच्या निर्णायक सामन्यांना) मात्र वगळला गेला.

माझं मत: निवड बरोबर होती. मार्कोव्हला चेंडू किती वेळा मिळाला हे मी मोजतच नाही. तो मैदानावर असल्यामुळे आमचा उंच बचावपटू डार्सी मूर आपला माणूस सोडून चेंडूवर जाऊ शकला का, हे मी बघतो.

फिटझरॉयकर

मिलिंद, ब्रिस्बेनचा समर्थक म्हणून माझं दुखणं वेगळं आहे, पण युक्तिवादावरच बोलतो. कॉलिंगवूडने तीन फायनल्स जिंकल्या त्या ७, १ आणि ४ गुणांनी. तिन्ही मिळून १२ गुण, म्हणजे दोन गोल. एवढ्या फरकावर एका हाफबॅकची निवड बरोबर ठरवणं म्हणजे निकालावरून मागे जाऊन कारण शोधणं झालं.

शिवाय मेलबर्नविरुद्धची क्वालिफायिंग फायनल बघा. मेलबर्नने समोरच्या गोलपुढच्या ५० मीटरच्या कमानीत ६९ वेळा चेंडू घातला, कॉलिंगवूडने ३७ वेळा. चेंडू बचावातून बाहेरच निघत नव्हता. बाहेर काढून पुढच्या टप्प्यापर्यंत पोचवणं हे नोबलचं काम, आणि ते करणारा माणूस त्या दिवशी संघात नव्हता. ६९ वेळा आत आलेल्या चेंडूवर ५३ च गुण बसले यात मेलबर्नच्या नेमबाजीचा वाटा मोठा आहे: ७ गोल, ११ बिहाइंड (गोलच्या बाजूने गेलेला, एकाच गुणाचा फटका).

आकडेमोड

या भूमिकेतल्या खेळाडूचे आकडे वाचताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते.

पहिलं म्हणजे किक-इन. २०१९ पासून बिहाइंडनंतर चेंडू घेणाऱ्याला गोल स्क्वेअरमधून बाहेर पडायला स्वतःलाच किक मारावी लागत नाही, तो थेट धावत निघू शकतो. असा धावत निघाला की त्याची किक आकड्यात धरली जाते आणि मिळवलेले मीटरही त्याच्याच खात्यात जातात. ज्याच्याकडे किक-इनचं काम आहे त्या हाफबॅकचा आकडा त्यामुळे फुगतो. दोन बचावपटूंची तुलना करायची तर किक-इन आधी वजा करा.

दुसरं म्हणजे स्पॉइल (मूठ मारून चेंडू उडवणं) आणि एकूणच बारीकसारीक कामांचा आकडा. जो बचावपटू माणसाला चिकटून उभा आहे त्याच्याकडे समोरचा संघ किकच मारत नाही, दुसरीकडे बघतो. त्याचा स्पॉइलचा आकडा लहान दिसतो, काम मात्र चोख झालेलं असतं. उलट सारखे स्पॉइल करावे लागतात त्याच्या माणसावर वारंवार किक येत असते, म्हणजे तो मागे पडतोय असंही असू शकतं.

खरी तुलना करायची तर सामना थांबवत-थांबवत बघावा लागतो. समोरच्या संघाची किक बुटावरून सुटली त्या क्षणी चित्र थांबवा. आपला बचावपटू आणि त्याचा माणूस यांच्यात किती अंतर आहे: हाताच्या अंतरावर, पाच मीटरच्या आत, की त्याहून लांब? तो गोलच्या बाजूला आहे की नाही? मग चेंडू पडेपर्यंत सोडा आणि पुन्हा थांबवा. सुरुवातीला लांब होता आणि पडताना जवळ पोचला, अशी उदाहरणं ज्याची जास्त, तो संघाला अंतर परवडवून देतो. हा प्रकार कुठल्याही छापील तक्त्यात येत नाही.

नवा_प्रेक्षक

एक प्राथमिक शंका. हल्ली सगळे संघ झोनमध्ये उभे राहतात असं समालोचक सांगतात. मग ‘त्याचा माणूस’ म्हणजे काय? आणि मूरने माणूस सोडला तर तो मोकळा राहत नाही का?

दीप्ती_वेरिबी

चांगला प्रश्न, आणि मार्कोव्हचा सगळा मुद्दा यातच आहे.

चेंडू लांब असतो तेव्हा बचावफळी जागा धरून उभी असते. चेंडू किकच्या टप्प्यात आला की प्रत्येकाला जवळचा माणूस उचलावा लागतो. मूर २०३ सेंटीमीटरचा आणि उडी उत्तम, त्यामुळे किक सुटल्यावर तो चेंडूच्या रेषेत जाऊन मार्क घेतो, म्हणजे किक हवेतच झेलतो. त्याचा मूळ माणूस त्या वेळी मोकळा असतो. मूरचा हात चेंडूला लागला तर प्रश्नच नाही. नाही लागला, तर मागचा उंच फॉरवर्ड एकटा. तिथे कुणीतरी आधीच सरकलेला हवा. आपल्याकडे कबड्डीत कॉर्नर पुढे झेपावतो तेव्हा शेजारचा कव्हर मागची जागा धरतो, तसं हे जोडीचं काम आहे.

आता हा सरकणारा माणूस कसा असावा? मार्कोव्ह साधारण १८८ सेंटीमीटर, नोबल साधारण १८०. उंच फॉरवर्डच्या मागून मूठ मारायची तर हे आठ सेंटीमीटर फार मोलाचे. पण नुसती उंची असून भागत नाही, कारण सरकणारा स्वतःचा छोटा फॉरवर्डही सोडून आलेला असतो आणि चेंडू खाली पडला तर त्याच्याकडे परत धावायचं असतं. पन्नास मीटरच्या उंच किकला हवेत साधारण तीन सेकंद मिळतात. त्या तीन सेकंदांत दोन माणसांच्या मधोमध उभं राहून शेवटच्या क्षणी एकाकडे जायचं. त्यासाठी उंची आणि वेग दोन्ही एकाच शरीरात लागतात, आणि मार्कोव्हकडे ते होते. कॉलिंगवूडचे मेनार्ड आणि क्वेनर समोरचे सगळ्यात धोकादायक लहान-मध्यम फॉरवर्ड घेत, म्हणून हे उरलेलं, नाव नसलेलं काम तिसऱ्याकडे यायचं.

चेंडू गर्दीवर येतो तेव्हा मधल्या उंचीच्या बचावपटूने काय करायचं, तेही सांगते. प्रेक्षकांना फक्त उड्या दिसतात.

किक सुटताच चेंडूकडे एक नजर, लगेच माणसाकडे. हाताचा मागचा भाग त्याच्या कमरेला टेकलेला हवा, म्हणजे न बघता तो कुठे निघाला ते कळतं. जर्सी धरली की फ्री किक. पाठीत दोन्ही हातांनी ढकललं तरी फ्री किक. मग निर्णय: वर जायचं की खाली राहायचं? समोरचा एकच फॉरवर्ड उडी मारतोय आणि आपला उंच बचावपटू त्याच्याबरोबर आहे, तर खाली राहा. दोन फॉरवर्ड वर चाललेत, तर जा. तिघे बचावपटू एकाच चेंडूसाठी हवेत गेले की खाली त्यांचे छोटे मोकळे, आणि गोल तिथेच बसतो.

वर गेलात तर मूठ लांब मारायची, बाउंड्रीच्या दिशेने. सरळ खाली मारलेला चेंडू गर्दीच्या पुढे दोन-तीन मीटरवर पडतो, आणि ब्रिस्बेनच्या चार्ली कॅमेरूनसारखा खेळाडू तिथेच वाट बघत असतो. मार्क घेणाऱ्याचा हात खाली ओढला तर फ्री किक, त्यामुळे मूठ चेंडूलाच लागायला हवी. स्पॉइलमधून चेंडू रेषेबाहेर गेला तर सहसा थ्रो-इन (अंपायर चेंडू आत फेकतो) मिळतो. तोच हातात घेऊन मुद्दाम बाहेर मारला तर फ्री किक समोरच्याला.

खाली राहिलात तर गोलच्या बाजूला, माणसाच्या अर्धा पाऊल आत, गुडघे वाकवून. चेंडू त्याला आधी मिळाला तर टॅकल असा की हात सुटता कामा नये. त्याला चेंडू सोडायची संधी मिळालेली असेल तर फ्री किक आपली. नसेल तर बॉल-अप (अंपायर चेंडू वर उडवतो). बॉल-अप मिळाला तरी बचावफळीचं काम झालं, कारण सगळ्यांना पुन्हा जागेवर यायला वेळ मिळतो.

आणि अगदीच गळ्याशी आलं तर चेंडू गोल रेषेपलीकडे नेऊन एक गुण द्यायचा. मात्र अंगावर कुणी नसताना किंवा ९ मीटरच्या बाहेरून असं केलं तर समोरच्याला फ्री किक मिळते, म्हणजे जवळजवळ गोलच.

मॅगपाय_मिलिंद

दीप्तीताई, याहून नेमकं मला मांडता आलं नसतं. फिटझरॉयकरांच्या ६९ विरुद्ध ३७ ला माझं उत्तर हेच. चेंडू बाहेर निघत नव्हता हे मान्य. पण बाहेर का निघत नव्हता? मेलबर्न मधल्या फळीत चेंडू जिंकत होतं आणि त्यांची पुढची भिंत उंच चढलेली होती. अशा वेळी धावत निघणारा हाफबॅक भिंतीवरच आदळतो. त्या दिवशी संघाला लागत होते आत येणारा प्रत्येक चेंडू लढवणारे सहा जण.

फिटझरॉयकर

भिंत चढलेली असते तेव्हाच तर धावणारा लागतो! लांब किक मारून सुटका केली की चेंडू पुन्हा त्यांच्या उंच बचावपटूंच्या हातात जातो. भिंत फोडायची तर हँडबॉल (मुठीने मारलेला पास) घेऊन पहिल्या माणसाला चुकवणारा आणि मग आडवी किक मारून बाजू बदलणारा हवा. एमसीजी इतकी रुंद आहे की तिथे बाजू बदलली की पलीकडे मोकळी जागा मिळतेच. जीलाँगच्या चिंचोळ्या मैदानावर तुमचा मुद्दा एक वेळ मान्य केला असता.

मार्कोव्ह धावायला वेगवान आहे, पण दबावाखाली त्याची किक नोबलइतकी भरवशाची नाही. बचावपटूची किक मैदानाच्या मध्यावर, गोलपासून ६०-७० मीटरवर चुकली तर काय होतं? आपले बाकीचे बचावपटू पुढे पळत सुटलेले असतात, मागे कोणी नाही, आणि दोन स्पर्शांत गोल. प्रशिक्षक मॅक्रेच्या कॉलिंगवूडचा खेळ मुळात मधूनच वेगाने जाण्याचा. अशा संघात किक चुकवणारा हाफबॅक इतर संघांपेक्षा महागात पडतो.

आकडेमोड

ग्रँड फायनलची बेरीज दोन्ही बाजूंनी वाचता येते, म्हणून टाकतो. कॉलिंगवूड १२ गोल १८ बिहाइंड, ९० गुण. ब्रिस्बेन १३ गोल ८ बिहाइंड, ८६ गुण. म्हणजे ब्रिस्बेनने फक्त २१ वेळा गुण घेतले, कॉलिंगवूडने ३० वेळा.

मिलिंद म्हणतील, २१ च संधी दिल्या, बचाव भक्कम. फिटझरॉयकर म्हणतील, २१ पैकी १३ गोल बसले, म्हणजे दिलेल्या संधी सोप्या होत्या. माझा कल दुसऱ्या वाचनाकडे थोडा जास्त आहे. कडेच्या अवघड कोनातून मारायला लावणं हेही बचावाचंच काम, आणि ते त्या दिवशी कमी पडलं. पण त्यातला किती दोष शेवटच्या सहांचा आणि किती मधल्या फळीतल्या टर्नओव्हरचा (चेंडू गमावण्याचा), हे नुसत्या धावफलकावरून सांगता येणार नाही.

दीप्ती_वेरिबी

त्या सामन्याबद्दल एक गोष्ट वगळून चालणार नाही. कॉलिंगवूडचा उंच बचावपटू नेथन मर्फी डोक्याला मार लागून पूर्वार्धातच बाहेर गेला. २०२३ मध्ये चार इंटरचेंज (आलटून-पालटून आत-बाहेर होणारे) आणि एक सब (बदली खेळाडू) अशी रचना होती, आणि सब म्हणून आलेला लिपिन्स्की बचावपटू नव्हे. म्हणजे ब्रिस्बेनच्या हिपवुड आणि डॅनिहर यांच्यासारखे उंच फॉरवर्ड समोर असताना एक उंच बचावपटू गेला आणि उरलेल्यांना एकेक पायरी वर चढून मोठा माणूस घ्यावा लागला. बचावफळीतला तिसरा मध्यम माणूस १८८ चा असेल तर ही फेररचना जमते. १८० चा असेल तर समोरचा प्रशिक्षक आपला उंच फॉरवर्ड मुद्दाम त्याच्यावर नेऊन उभा करतो. निवड गुरुवारी होते, तेव्हा शनिवारी कोण जखमी होणार हे माहीत नसतं. अशी फट झाकणारा माणूस संघात असणं हाच निवडीचा भाग.

जीलाँगकर

मी तिसऱ्याच बाजूने येतो. काठावरच्या खेळाडूला बचावाचं काम द्यायचंच, तर ते एका माणसापुरतं, स्पष्ट द्यावं. २०२३ च्याच ऑगस्टमध्ये हॉथॉर्नच्या फिन मॅगिनेसने कॉलिंगवूडच्या निक डेकॉसला फक्त ५ डिस्पोजलवर (किक आणि हँडबॉल मिळून) रोखलं. हॉथॉर्न तळाजवळ, कॉलिंगवूड पहिल्या क्रमांकावर, आणि हॉथॉर्न ३२ गुणांनी जिंकलं. डेकॉसला त्या सामन्यात गुडघ्याची दुखापत झाली हे धरूनही, दुखापतीआधीच त्याला चेंडू मिळत नव्हता. तीच गोष्ट ग्रँड फायनलमधल्या कॉलिंगवूडच्या बिली फ्रॅम्प्टनची. मॅकस्टे जखमी झाला म्हणून तो आत आला आणि त्याला फॉरवर्डमध्ये उभं केलं ते ब्रिस्बेनचा बचावपटू हॅरिस अँड्र्यूज याला मोकळेपणाने मार्क घेऊ न देण्यासाठी. गोल मारणं दुय्यम.

अशा कामाची परीक्षा सोपी असते: समोरच्याने काय केलं ते बघा. मार्कोव्हच्या ‘नाव नसलेल्या’ कामाची परीक्षा कोण घेणार?

मॅगपाय_मिलिंद

टॅगरचं (समोरच्या एकाच माणसाला चिकटणाऱ्याचं) काम स्पष्ट असतं हे खरं, पण त्यात आपलाही एक माणूस खेळातून जातो. मॅगिनेस डेकॉसच्या मागे गेला की हॉथॉर्नकडे चेंडू खेळवणारे सतराच उरले. मधल्या फळीतल्या सर्वोत्तम खेळाडूसाठी हा सौदा परवडतो. बचावफळीत मात्र प्रत्येकाने एकेकाला चिकटायचं ठरवलं तर मूर मार्क घ्यायला जाणार कसा? त्याचा इंटरसेप्ट (समोरच्यांची किक मधेच हिसकावणं) बंद झाला की कॉलिंगवूडचा हल्लाच बंद, कारण त्यांचे कितीतरी गोल तिथून सुरू होतात.

जीलाँगकर

मग मोजमाप मूरच्या इंटरसेप्टवरून करा. मार्कोव्ह असताना आणि नसताना. नाहीतर आपण नुसतं छान वाटतं म्हणून बोलतोय.

आकडेमोड

तेही वाटतं तितकं सरळ नाही. मूर स्वतः कधी जखमी, समोरचे संघ वेगळे, पाऊस असला की उंच किक कमीच येतात. पावसातला आणि कोरडा सामना एकत्र धरला तर आकडा निरर्थक. किमान कोरडे, एमसीजीवरचे आणि पहिल्या आठातल्या संघांविरुद्धचे सामने वेगळे काढायला हवेत. मग नमुना इतका लहान उरतो की त्यावर पैज लावू नये. म्हणूनच मी वर चित्र थांबवून बघायची पद्धत दिली. एका सामन्यातही आत येणाऱ्या ४०-५० किक मिळतात, म्हणजे तेवढे प्रसंग एका खेळाडूबद्दल.

नवा_प्रेक्षक

पावसात मग कोणाला घ्यायचं?

फिटझरॉयकर

पावसात माझ्या मते नोबल, आणि इथे मिलिंदही फार ताणणार नाहीत. ओला चेंडू हातात टिकत नाही, मार्क कमी होतात, मूरचा इंटरसेप्ट निम्म्यावर येतो. खेळ जमिनीवर उतरतो. तिथे खाली वाकून पहिल्याच प्रयत्नात चेंडू उचलणारा आणि पुढे चार पावलं नेणारा माणूस सोन्यासारखा.

मॅगपाय_मिलिंद

ओल्या मैदानावर नोबल, मान्य. कोरड्या एमसीजीवर दोन उंच फॉरवर्ड खेळवणाऱ्या संघाविरुद्ध मार्कोव्ह. म्हणजे दोघांपैकी एकाला कायमचं पक्कं म्हणायची गरजच नाही. अडचण वेगळी आहे. व्हीएफएलमध्ये (खालच्या पातळीच्या लीगमध्ये) पाठवलेल्या खेळाडूला तिथेही तेच काम मिळायला हवं. तिथे त्याला मधल्या फळीत पळवलं, त्याने तीस डिस्पोजल काढले आणि त्या जोरावर वर बोलावलं, की पहिल्याच सामन्यात तो माणूस सोडून चेंडूमागे धावतो. सवय दोन आठवड्यांत मोडते.

दीप्ती_वेरिबी

हे अगदी खरं. आणि सरकण्याचं काम ओरडण्यावर चालतं. मूर ‘जातोय’ म्हणून ओरडतो तेव्हा मागच्याने ऐकून निघायचं असतं. एमसीजीवर लाखभर लोक असले की दहा मीटरवरचा आवाज पोचत नाही, मग हाताची खूण आणि सवय यांवरच सगळं. त्या ग्रँड फायनलला १,००,०२४ प्रेक्षक होते. अशा दिवशी दर आठवड्याला शेजारी खेळलेला माणूसच हवा. दर वेळी समोरच्या संघानुसार दोघांची अदलाबदल केली तर ही सवय लागणार कधी? मिलिंद, तुमच्या ‘कधी हा, कधी तो’ तोडग्यातली कच्ची बाजू हीच आहे.

फिटझरॉयकर

ताई, हा मुद्दा नोबलच्या बाजूनेही जातो. वर्षभर शेजारी खेळलेला तोही होता. त्याला ऐन फायनल्सच्या तोंडावर काढलं.

दीप्ती_वेरिबी

हो, जातो. पण नोबलला काढताना बाहेरून नवा आणला नाही, मार्कोव्ह त्याच फळीत हंगामभर खेळत होता. मर्फी-मूर-हाऊ ही उंच तिकडी बसवायची म्हटल्यावर लहानांपैकी एक जाणार होता. जो सगळ्यात कमी उंचीच्या माणसांवरच खेळू शकतो तो गेला. नोबलच्या खेळात खोट होती म्हणून नव्हे.

जीलाँगकर

आणि २०२४ संपल्यावर नोबल गेला तो गोल्ड कोस्टकडेच, जिथून मार्कोव्हला सोडलं होतं. त्यांना धावत चेंडू बाहेर काढणारा हवा होता, कॉलिंगवूडला त्या वर्षी मागे सरकणारा. फिटझरॉयकर, तुमच्याकडे ग्रँड फायनलचं पूर्ण चित्रण असेल तर आकडेमोड यांच्या पद्धतीने तिसरं क्वार्टर तरी बघू या. मी मार्कोव्हचं अंतर लिहितो, तुम्ही ब्रिस्बेनचे बेली आणि मॅकार्थी कुठे उभे होते ते लिहा.

फिटझरॉयकर

आहे. पण तिसऱ्यापेक्षा दुसरं घ्या. मर्फी नसताना फळी कशी लावली ते त्यातच दिसेल. मूरचा मूळ माणूस कोण, हेही वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर सरकणं मोजता येणार नाही.